शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना आपली ओळख आपल्याच हाती कशी ठेवावी

दरवर्षी प्रवेश आटोपले, की तालुक्याच्या ठिकाणी एसटी स्थानकासमोरच्या नेट कॅफेत शिष्यवृत्तीच्या अर्जांची गर्दी सुरू होते. अशाच एका दुकानात काही वर्षांपूर्वी मी एका विद्यार्थ्याच्या अर्जातील चूक दुरुस्त करून घ्यायला गेलो होतो. दुकानदाराने टेबलाच्या खणातून एक दोनशे पानी वही काढली. तिच्यात पट्टीने रेघा मारून रकाने पाडलेले होते : विद्यार्थ्याचे नाव, आधार क्रमांक, मोबाइल, युजरनेम, पासवर्ड. पासवर्डच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी मुलाचे पहिले नाव आणि पुढे एक-दोन-तीन असे आकडे होते; मोबाइलच्या रकान्यात मात्र पंधरा-वीस नावांसमोर त्या दुकानदाराचाच क्रमांक होता. माणूस लबाड नव्हता. मुले पासवर्ड विसरतात, ओटीपीच्या वेळी घरच्यांचा फोन लागत नाही, म्हणून त्याने आपल्या परीने सोय करून ठेवली होती. पण ती वही ज्याच्या हाती पडेल त्याला त्या साऱ्या मुलांच्या वतीने अर्ज करता आला असता, तो बदलता आला असता आणि त्यांना कळूही न देता रद्द करता आला असता.

महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात काम करताना माझे असे मत झाले आहे, की शिष्यवृत्तीतील ओळखचोरी बहुतेक वेळा दूर कुठेतरी बसलेला हॅकर करत नाही. ती मदत करणाऱ्या हातातून घडते. म्हणून या लेखात संगणकाच्या सुरक्षेपेक्षा कोणती गोष्ट कुणाच्या हाती द्यावी आणि कोणती देऊ नये, यावर भर दिला आहे. अर्ज दुसऱ्याकडून टाइप करून घ्यायला हरकत नाही. मोबाइल क्रमांक, पासवर्ड, बँक खाते आणि अंगठा या चार गोष्टी मात्र अर्जदाराकडेच राहिल्या पाहिजेत.

नव्या अर्जदाराला वाटते, की खात्यातून पैसे गेले तरच ओळखचोरी झाली. प्रत्यक्षात कधी अर्ज खरा, विद्यार्थीही खरा असतो, पण रक्कम भलत्या खात्यात वळवली जाते. कधी खऱ्या विद्यार्थ्याच्या नावाने त्याने कधीही न पाहिलेल्या संस्थेत प्रवेश दाखवून अर्ज केला जातो. आणि कधी तर विद्यार्थीच नसतो. कुणाचे तरी आधार कार्ड, कुणाचा तरी अंगठा आणि कागदावरची शाळा एवढ्यावर पैसे उचलले जातात. केंद्राच्या अल्पसंख्याक मंत्रालयाने आपल्या शिष्यवृत्ती योजनांचे मूल्यमापन करून घेतले, तेव्हा तपासलेल्या १,५७२ संस्थांपैकी ८३० संस्था बंद, बनावट किंवा अंशतः बनावट निघाल्या. २०१७-१८ ते २०२१-२२ या पाच वर्षांतले नुकसान १४४.८३ कोटी रुपये धरण्यात आले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने गुन्हा नोंदवला. त्याआधी २०२० मध्ये झारखंडमधील जी प्रकरणे उघड झाली, त्यांत शाळेचे वय केव्हाच उलटलेल्या माणसांच्या नावांवर वसतिगृहात राहणारे विद्यार्थी म्हणून रकमा काढल्या गेल्या होत्या. दलालांनी त्यांच्याकडून आधार क्रमांक आणि बोटांचे ठसे घेतले होते आणि रकमेतला काही भाग त्यांच्या हातावर टेकवला होता. तिथे कुणाचा पासवर्ड फोडावा लागला नव्हता.

मोबाइल क्रमांक : सगळ्याची किल्ली

अर्जाला हात लावण्यापूर्वी पहिले काम मोबाइल क्रमांकाचे. राज्याचे महाडीबीटी पोर्टल असो वा केंद्राचे राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल, आधारचा ओटीपी आधारला जोडलेल्या क्रमांकावरच येतो. तो क्रमांक आज घरात कुणाकडे आहे, हे आधी विचारून घ्यावे. पुष्कळ मुलांचे आधार कार्ड लहानपणी काढलेले असते आणि त्याला तेव्हाचा कुणा काकांचा किंवा शेजाऱ्याचा क्रमांक जोडलेला असतो. तो क्रमांक मध्यंतरी बंद पडला असेल, तर दूरसंचार कंपनी काही काळाने तोच क्रमांक दुसऱ्या ग्राहकाला देते आणि मग तुमचा ओटीपी एका पूर्ण अनोळखी माणसाच्या फोनवर वाजतो. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर आपला क्रमांक आधारला जोडलेला आहे की नाही, हे पडताळता येते. तो जोडलेला नसेल, तर आधार केंद्रात जाऊन आधी तो बदलून घ्यावा आणि मगच अर्जाला बसावे. हे काम अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात काढले तर केंद्रात रांग असते, मुदत संपत आलेली असते आणि मग 'तात्पुरता माझा नंबर टाकून देतो' असे म्हणणारा कुणीतरी भेटतोच.

आपल्या नावावर किती सिमकार्डे चालू आहेत, हे दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर पाहता येते. एका व्यक्तीच्या नावे सर्वसाधारणपणे नऊपर्यंत जोडण्या घेता येतात. त्या यादीत आपण न घेतलेला क्रमांक दिसला, तर तो आपला नाही अशी नोंद तिथेच करावी. घरातील आईवडिलांचीही यादी याच बैठकीत पाहून टाकावी, कारण अकरावी-बारावीच्या अर्जात त्यांची कागदपत्रेही जातात.

पैसे जातात कुठे : बँकेची जोडणी

या पायरीवर सर्वांत जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. शिष्यवृत्तीची रक्कम आधारच्या आधारे थेट खात्यात जमा होते, तेव्हा ती अर्जात लिहिलेल्या खाते क्रमांकाकडे पाहून जात नाही. भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाकडे एक नोंदपट असतो, त्यात तुमच्या आधार क्रमांकासमोर ज्या बँकेचे नाव शेवटचे नोंदले गेले असेल, त्याच बँकेत पैसे जातात. एका वेळी एकच बँक तिथे राहते. नवी नोंद झाली की जुनी गळून पडते. बँकेत केवायसीसाठी आधारची झेरॉक्स दिली म्हणजे ही नोंद झाली, असे अनेकांना वाटते, पण त्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. थेट लाभासाठी खाते जोडायचे असेल, तर त्याकरिता स्वतंत्र संमती द्यावी लागते.

आमच्याकडची एक मुलगी दोन वर्षे सांगत होती, की पोर्टलवर रक्कम जमा झाल्याचे दिसते, पण खात्यात एक रुपया नाही. तिचे पासबुक मी स्वतः पाहिले. ती खरे सांगत होती. आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती उघडून पाहिली, तर तिथे तिने कधीच न ऐकलेल्या एका बँकेचे नाव होते. मोबाइलच्या दुकानात नवे सिम घेताना तिचा अंगठा दोनदा घेतला गेला होता आणि दुसऱ्या अंगठ्याने तिच्या नावे एक खाते उघडले गेले होते. पैसे सुदैवाने तिथेच पडून होते. असे प्रकार मोठ्या प्रमाणावरही घडले आहेत. २०१७ मध्ये एका दूरसंचार कंपनीच्या ग्राहकांची सिमपडताळणी होताना त्यांच्या नकळत त्यांची पेमेंट्स बँकेत खाती उघडली गेली आणि गॅसचे अनुदान तिकडे वळले. आधार प्राधिकरणाने तेव्हा त्या कंपनीची ई-केवायसी सुविधा काही काळ थांबवली होती.

म्हणून अर्ज भरण्यापूर्वी 'माय आधार' संकेतस्थळावर आपल्या आधारचा ओटीपी टाकून 'बँक सीडिंग स्टेटस' हे पान उघडावे. तिथे बँकेचे नाव आणि जोडणी चालू आहे की नाही हे दिसते. नाव आपल्या बँकेचे असेल, तर त्या पानाचा दिनांकासह छापील उतारा काढून ठेवावा. नसेल, तर आपल्या शाखेत जाऊन थेट लाभासाठी आधार जोडण्याचा अर्ज द्यावा आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. आठ-दहा दिवसांनी तेच पान पुन्हा उघडून पाहिल्याशिवाय काम झाले असे समजू नये.

पोर्टल, पासवर्ड आणि चेहरा

पोर्टलचा पत्ता शोधयंत्रात टाकून जे पहिले येईल ते उघडण्याची सवय मोडावी. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्यात सुरुवातीच्या 'https://' नंतरची पहिली तिरकी रेघ येण्याच्या अगदी आधी 'डॉट गव्ह डॉट इन' असे असते. ते शब्द पत्त्याच्या मध्येच कुठेतरी असून शेवटी 'डॉट कॉम' किंवा 'डॉट ऑनलाइन' असेल, तर ते पान बनावट समजावे. 'पंतप्रधान मोफत लॅपटॉप योजना' अशा नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे दुवे तर उघडूही नयेत. एपीके, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल आली असेल, तर ती उघडली की तुमच्या फोनमधले संदेश दुसऱ्याला वाचता येण्याचा धोका असतो.

राष्ट्रीय पोर्टलवर २०२४-२५ पासून 'एकदाच नोंदणी' ही पद्धत सुरू झाली आहे. नोंदणी झाली की १४ अंकी क्रमांक मिळतो आणि तो विद्यार्थ्याच्या संपूर्ण शैक्षणिक काळापुरता चालतो. यासाठी मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवून आधारशी पडताळणी करण्याची सोय आहे. ओटीपी फोनवरून सांगता येतो, चेहरा सांगता येत नाही, म्हणून ही पद्धत अधिक भरवशाची आहे. तरीही दुसऱ्याच्या फोनसमोर बसून 'इकडे बघ, डोळे मिचकाव' असे कुणी सांगितले, तर पडद्यावर काय लिहिले आहे ते वाचल्याशिवाय डोळे मिचकावू नयेत. तो १४ अंकी क्रमांक व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकू नये. मागितल्यावर तो महाविद्यालयाच्या लिपिकाला द्यायला हरकत नाही. पासवर्ड मात्र त्यालाही देऊ नये. मीही तो लिपिकच आहे, आणि मला कुणाच्या पासवर्डची कधीही गरज पडलेली नाही, कारण संस्थेचे लॉगिन वेगळे असते.

पासवर्ड स्वतः टाइप करावा आणि तेवढा वेळ दुकानदाराला बाजूला व्हायला सांगावे. ब्राउझर पासवर्ड जतन करायचा का असे विचारतो तेव्हा 'नको' म्हणावे, आणि उठण्यापूर्वी लॉग आउट करून तेच पान पुन्हा उघडून पाहावे. पासवर्ड लक्षात राहत नसेल, तर घरी स्वतःच्या वहीत लिहून ठेवणे काही वाईट नाही. घरातली वही दुकानातल्या वहीपेक्षा केव्हाही बरी.

कागदपत्रे

कॅफेच्या संगणकातील 'डाउनलोड्स' हा फोल्डर एकदा उघडून पाहावा. आधारची पुढची बाजू, आधारची मागची बाजू, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, बँकेच्या पासबुकाचे पहिले पान, अशा शेकडो फाइली तिथे नावानिशी पडलेल्या असतात. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो नंतर 'सर्वांसाठी डिलीट' केला, तरी तोपर्यंत संगणकात उतरवून घेतलेली प्रत तशीच राहते. म्हणून शक्य असेल तिथे कागदपत्रे पेनड्राइव्हमध्ये न्यावीत किंवा डिजिलॉकरमधून घ्यावीत, आणि काम झाल्यावर फोल्डरमधून व रिसायकल बिनमधून आपल्या फाइली आपण स्वतः काढाव्यात. दुकानदार रागावत नाही. बहुतेकांना ती अडगळच वाटते.

झेरॉक्स देताना तिच्यावर, मजकूर झाकला जाणार नाही पण पुसूनही काढता येणार नाही अशा बेताने, 'फक्त अमुक वर्षाच्या शिष्यवृत्तीसाठी' असे लिहून दिनांक आणि सही करावी. जिथे पूर्ण आधार क्रमांक लागत नाही, उदाहरणार्थ वसतिगृहात किंवा खासगी क्लासमध्ये, तिथे शेवटचे चारच अंक दाखवणारे मुखवटा (मास्क्ड) आधार द्यावे. ते आधारच्या संकेतस्थळावरून मिळते. त्याच संकेतस्थळावर आधार क्रमांकाऐवजी देता येणारा १६ अंकी आभासी क्रमांकही तयार करता येतो आणि तो हवा तेव्हा बदलता येतो.

उत्पन्नाच्या दाखल्याबाबत एक गोष्ट परखडपणे सांगणे भाग आहे. अनुसूचित जातीच्या भारत सरकार शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे, राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेसाठी आठ लाख. आकडा थोडा जास्त भरला, की 'दाखल्यावर बसवून देतो' म्हणणारे लोक सेतू केंद्राच्या आवारात उभे असतात. दाखल्यावरील बारकोडवरून तहसील कार्यालयाची मूळ नोंद पाहता येते, त्यामुळे बदललेला आकडा कधी ना कधी पकडला जातो. तो पकडला जाईल त्या दिवशी बसवून देणारा कुठेच नसतो. अर्जावर नाव तुमचे असते.

'निम्मे तुझे, निम्मे आमचे'

खेडोपाडी दरवर्षी काही माणसे फिरतात. कॉलेजला यायची गरज नाही, परीक्षेचे आम्ही बघून घेतो, शिष्यवृत्ती आली की निम्मी तुझी, असे सांगून ती आधार, दाखले आणि दोन सह्या घेऊन जातात. घरच्यांना यात काही वावगे वाटत नाही. मुलगा नाही तरी घरीच असतो. तीन-चार वर्षांनी त्याच मुलाला खरोखर नर्सिंगला किंवा पदवीला जायचे असते, तेव्हा पोर्टल सांगते की या आधार क्रमांकावर आधीच एका अभ्यासक्रमाची शिष्यवृत्ती घेतली गेली आहे. हक्काची वर्षे कुणी दुसऱ्यानेच वापरून टाकलेली असतात. वर चौकशी लागली, तर पहिली नोटीस त्याच मुलाच्या घरी येते, कारण सही त्याची असते आणि निम्मे पैसेही त्याने घेतलेले असतात. असा प्रस्ताव नाकारणे एवढेच पुरेसे नाही. कागदपत्रे एकदा दिली असतील, तर त्या संस्थेला प्रवेश रद्द करण्याचे लेखी पत्र देऊन त्याची प्रत जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयात पोच घेऊन द्यावी.

याचाच धाकटा भाऊ म्हणजे भाड्याने दिलेले खाते. महिना दोन-तीन हजार रुपये मिळतात म्हणून मुले आपले पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याला वापरायला देतात. त्या खात्यातून सायबर फसवणुकीचे पैसे फिरले, की पोलिसांच्या सांगण्यावरून बँक खाते गोठवते. मग त्यात आलेली शिष्यवृत्तीही अडकते आणि मुलाला परराज्यातील पोलीस ठाण्याचे उंबरे झिजवावे लागतात.

संस्थेने कार्ड मागितले तर

अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा हिस्सा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो, आणि केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यातील शुल्काची रक्कम विद्यार्थ्याने संस्थेला भरायची असते. मुले पैसे खर्च करून टाकतील ही संस्थांची भीती अगदीच खोटी नाही. तो अनुभव आम्हीही घेतला आहे. पण त्यावर उपाय म्हणून काही ठिकाणी प्रवेशाच्या वेळीच एटीएम कार्ड, पिन, कोरे धनादेश किंवा सही केलेल्या पैसे काढण्याच्या पावत्या ठेवून घेतल्या जातात, ते चूक आहे. कार्ड आणि पिन एकदा दुसऱ्याकडे गेले, की नंतर झालेला कोणताही व्यवहार आपण केला नाही हे बँकेला पटवून देणे फार कठीण जाते. शुल्क वेळेत भरीन असे हमीपत्र द्यावे, रक्कम आली की खात्यातून संस्थेच्या खात्यात वळती करावी आणि पावती घ्यावी. कार्ड मागितलेच, तर ती मागणी लेखी द्यावी अशी नम्रपणे विनंती करावी. माझ्या पाहण्यात अशी मागणी कुणी कागदावर दिलेली नाही.

अंगठा

गावातील बँकमित्राकडे, म्हणजे बँकेच्या गावातल्या प्रतिनिधीकडे, आधार आणि अंगठ्यावर पैसे निघतात. ही सोय उपयोगाची आहे, पण 'अंगठा नीट लागला नाही, परत लाव' असे दोन-तीनदा सांगितले गेले, तर प्रत्येक वेळी वेगळा व्यवहार झालेला असू शकतो. यंत्राची पावती मागावी आणि तिथेच उभे राहून शिल्लक विचारावी. नको तेव्हा अंगठा चालूच नये यासाठी एम-आधार अ‍ॅपमध्ये किंवा संकेतस्थळावर बायोमेट्रिक कुलूप लावता येते. गरज पडली, की ते काही मिनिटांपुरते उघडते आणि आपोआप पुन्हा बंद होते. हे कुलूप चेहऱ्यालाही लागू असते, त्यामुळे राष्ट्रीय पोर्टलवर चेहरा पडताळणीला बसण्यापूर्वी ते उघडायला विसरू नये. नाही तर पडताळणी सारखी का फसते, याचा उलगडा होत नाही.

आधारच्याच संकेतस्थळावर आपले आधार गेल्या सहा महिन्यांत कुठे आणि कशाने, म्हणजे ओटीपीने की ठशाने, वापरले गेले याची नोंद दिसते. महिन्यातून एकदा ती पाहावी. ईमेल आधारला जोडलेला असेल, तर प्रत्येक वापराची सूचना कोणत्या यंत्रणेने केली या तपशिलासह येते.

अर्ज सादर केल्यानंतर

'सबमिट' दाबण्यापूर्वी पूर्ण अर्ज एकदा वाचून काढावा, आणि वाचताना मोबाइल क्रमांक, ईमेल, संस्थेचे नाव, अभ्यासक्रम आणि वर्ष यांवर बोट ठेवून वाचावे. भरून देणाऱ्याच्या क्रमांकाने आपल्या क्रमांकाची जागा घेतलेली असते, ती इथेच कळते. अर्जाची पीडीएफ स्वतःच्या ईमेलवर घ्यावी आणि अर्ज क्रमांक लिहून ठेवावा. पुढे दर पंधरा दिवसांनी स्थिती पाहावी. संस्थेकडून त्रुटीसाठी अर्ज परत आला असेल, तर ती दुरुस्तीही स्वतः समोर बसून करून घ्यावी. रक्कम मंजूर झाली, आता पडताळणीसाठी क्यूआर स्कॅन करा, असा फोन आला तर ठेवून द्यावा. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही आणि शिष्यवृत्तीसाठी कोणतेही कार्यालय प्रक्रिया शुल्क फोनवर मागत नाही.

या कामाला नव्याने लागलेल्या लिपिकांसाठी थोडे

छाननीला बसलात, की एक-एक अर्ज पाहण्याआधी सगळी यादी एक्सेलमध्ये घेऊन मोबाइल क्रमांकाच्या रकान्यानुसार लावून पाहा. एकच क्रमांक दहा-वीस अर्जांवर दिसला, तर तो कॅफेचा असतो किंवा दलालाचा. दोन्ही वेळा त्या मुलांना बोलावून क्रमांक बदलून घ्या. एकाच दूरच्या शाखेतली खाती, एकसारखे ईमेल, हजेरीपटावर कधीच न दिसणारी नावे, यांकडेही तसेच पाहा. विद्यार्थी समोर उभा करून मूळ कागदाशी चेहरा जुळवल्याशिवाय अर्ज पुढे पाठवू नका. प्राचार्यांच्या लॉगिनचा पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला असेल, तर तो आजच काढा, आणि त्यांच्या वतीने तुम्हीच मान्यता देण्याची पद्धत असेल, तर ती सौम्यपणे पण लेखी नाकारा. संस्थास्तरावरच्या पडताळणीला अर्थ येतो तो दोन वेगळ्या माणसांनी दोनदा पाहिल्यामुळे. तिथे एकच माणूस दोन्ही बटणे दाबत असेल, तर उद्या चौकशीत उत्तर देण्याची वेळही त्याच्यावरच येते.

तरीही घडलेच तर

खात्यातून पैसे गेले असतील, तर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर करावा. तक्रार जितक्या लवकर नोंदली जाईल, तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त. त्यानंतर लगेच बँकेला कळवावे आणि तक्रार क्रमांक घ्यावा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ना बँकेची ना ग्राहकाची अशी असेल आणि ग्राहकाने बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले असेल, तर नुकसान ग्राहकावर पडत नाही. ओटीपी किंवा पिन आपणच सांगितलेला असेल, तर मात्र बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपल्याला सोसावे लागते. म्हणून 'ओटीपी दिला हे कसे सांगू' या संकोचात दोन दिवस घालवणे सर्वांत महागात पडते. त्याच दिवशी बायोमेट्रिक कुलूप लावावे, पोर्टलचा आणि ईमेलचा पासवर्ड बदलावा, आणि संदेश, कॉलची नोंद, पोर्टलची पाने यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवावेत. काहीही पुसू नये.

पोलिसांत तक्रार देताना घटना क्रमवार, तारीख-वेळेसह एका पानात लिहून न्यावी. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक ओळख लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ क (इंग्रजीत 66C) खाली गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. तोतयेगिरी करून फसवणूक केल्याबद्दल भारतीय न्याय संहितेचे कलम ३१९ लागते. हद्दीचे कारण सांगून परत पाठवले गेले, तर शून्य क्रमांकाने (झिरो एफआयआर), म्हणजे हद्द न पाहता, गुन्हा नोंदवण्याची विनंती करावी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तशी तरतूद आहे.

आपल्या नावाने दुसऱ्याच संस्थेत शिष्यवृत्ती उचलली गेल्याचे कळले असेल, तर आपल्या खात्यात काहीच झालेले नसते आणि १९३० चा फारसा उपयोग होत नाही. अशा वेळी समाजकल्याण कार्यालयाला दोन पत्रे द्यावीत. पहिले पत्र तक्रारीचे असावे. त्याला आपली खरी शाळा-महाविद्यालयाची बोनाफाइड प्रमाणपत्रे जोडावीत, म्हणजे त्याच काळात आपण दुसरीकडे शिकत होतो हे कागदावर येते. दुसरे पत्र म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांच्या शुल्कासह. त्यात आपल्या आधार क्रमांकावर कोणत्या संस्थेतून, कोणत्या वर्षी, कोणत्या अभ्यासक्रमासाठी अर्ज मंजूर झाला आणि रक्कम कोणत्या बँकेत जमा झाली, एवढेच चार प्रश्न विचारावेत. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. न मिळाल्यास त्याच कार्यालयातील प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करता येते. ते उत्तर हातात आले, की पोलिसांना आणि पोर्टलच्या तक्रार विभागाला संस्थेचे नाव सांगून बोलता येते, आणि त्याची प्रत चालू वर्षाच्या अर्जासोबत आपल्या महाविद्यालयातही देऊन ठेवावी, म्हणजे छाननीत तुमचे नाव दुहेरी म्हणून अडकले तर लिपिकाला कारण शोधत बसावे लागत नाही.